गवताला रकाना नाही: एका माळावरच्या रोपवनाचं प्रकरण

गाव, तालुका, वनजमिनीच्या तुकड्याचा कक्ष क्रमांक आणि माणसांची नावं यात दिलेली नाहीत. क्षेत्राचे आकडे गोळाबेरीज केलेले आहेत. बाकी घडलं तसंच लिहिलं आहे, आमच्या चुकांसकट. आमचा गट म्हणजे पक्षी बघायला जाणारे सहा-सात जण. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, एक जनावरांचा डॉक्टर. संस्था नाही, नोंदणी नाही, लेटरहेडही नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे एका टप्प्यावर लेटरहेड नसल्याचा फायदाच झाला.

पार्श्वभूमी

पुणे, सोलापूर आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) हे तीन जिल्हे जिथं एकमेकांना भिडतात, त्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातला हा माळ. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पावसाळ्यात पवन्या, मारवेल, कुसळी, आणि दिवाळीनंतर सगळं सोनेरी. अधूनमधून हिवर, बोर, एखादी बाभूळ. नवख्या माणसाला इथं काहीच दिसत नाही. जरा वेळ बसलं की धाविक पक्षी पळताना दिसतात, डोंबारी आणि चंडोल उठतात, हिवाळ्यात भोवत्या (शिकारी पक्षी) गवतावरून खालून खालून घिरट्या घालतात. चिंकारा आहेत, खोकड आहे आणि लांडगे आहेत.

वन विभागाच्या ताब्यातला तुकडा साधारण ६० हेक्टरचा. उत्तरेला गायरान, पूर्वेला एका कुटुंबाची पडीक खासगी जमीन, दक्षिणेला ओढा, आणि ओढ्यापलीकडे दोनेक किलोमीटरवर कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस. लांडग्याला ही हद्द अर्थातच माहीत नव्हती. त्याच्या लेखी हा सगळा एकच माळ होता, आणि मेंढपाळांच्याही. या भागातले धनगर जून-जुलैपासून दिवाळीपर्यंत माळावर असतात. मग वाडे (कुटुंब आणि कळपांचे फिरते तळ) घेऊन घाट उतरतात, कोकणात भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत वर येतात. या वेळापत्रकाचं महत्त्व आम्हाला फार उशिरा कळलं.

कागदावर मात्र हा माळ रिकामा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या मोजणीत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर झाडांच्या छत्राची घनता १० टक्के असली तर ते वनाच्छादन. त्याखालचं झुडपी, नाहीतर थेट वनेतर. पडीक जमिनींच्या नकाशांत अशीच माळरानं ‘पडीक’ म्हणून रंगवली जातात. ताबा वन विभागाचा, पण मोजपट्टी झाडांची. म्हणजे ज्या जमिनीवर निसर्गानंच झाडं विरळ ठेवली, ती जमीन कायम नापास.

प्रश्न कसा उभा राहिला

महाराष्ट्रात त्या वर्षांत वृक्ष लागवडीची मोठी मोहीम चालू होती. २०१६ च्या १ जुलैला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ च्या पावसाळ्यासाठी ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट. उद्दिष्ट जिल्ह्याला, जिल्ह्यातून विभागाला, तिथून परिक्षेत्राला वाटून दिलं जातं. शेवटी ते येऊन पडतं एका वनपालाच्या आणि एका वनरक्षकाच्या डोक्यावर. त्यांनी जागा शोधायची. मोकळी, वादात नसलेली, जेसीबी जाईल अशी. माळ यात पहिल्या नंबरानं बसतो.

जानेवारी २०१९ च्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. ४ बाय ४ मीटर अंतर, म्हणजे हेक्टरी ६२५ खड्डे. ६० हेक्टरला ३७,५००. सोबत सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले. रोपं मुख्यतः गिरिपुष्पाची, कारण ते लवकर हिरवं दिसतं, जनावरं फारसं तोंड लावत नाहीत आणि पहिल्या वर्षीची जिवंत टक्केवारी चांगली येते. ही तिन्ही कारणं रोपवन बघायला येणाऱ्या साहेबांसाठी आहेत. माळासाठी एकही नाही.

त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकाला ओढ्याच्या दरडीत लांडग्याचं बीळ सापडलं. या भागात लांडग्याची पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीत होतात. बिळाबाहेरच्या मातीत चिमुकले ठसे होते. जेसीबी तिथून जेमतेम ७०० मीटरवर.

लांडगा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. देशभरात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले असावेत असा अंदाज आहे. पण कायदा प्राण्याला मारू देत नाही म्हणून त्याच्या घराचं काय करायचं हे आपोआप ठरत नाही. अभयारण्य नसलेल्या साध्या वनजमिनीवर वन विभागानंच झाडं लावायची म्हटली तर तो गुन्हा नव्हे, ते कर्तव्य ठरतं. पेच इथंच होता. समोर कुणी भूमाफिया नव्हता, खाणवाला नव्हता. वनखातं वनीकरण करत होतं.

पहिला निर्णय: बिळाबद्दल कुणाला सांगायचं

दोन दिवस आम्ही यावरच भांडलो. एका बाजूचं म्हणणं, कुणालाच सांगू नये. बीळ उघड झालं की कॅमेरेवाले येतात आणि ज्याची शेळी गेली आहे तोही येतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, बीळ आहे हे सांगितल्याशिवाय काम थांबणार कशावर?

शेवटी ठरलं की वनरक्षकाला प्रत्यक्ष नेऊन दाखवायचं, बाकी कुणाला नाही. गार्ड याच भागातला, धनगर कुटुंबातलाच. त्यानं दरड बघितली, मागं फिरला आणि म्हणाला, “जेसीबी मी आठ दिवस पलीकडच्या टोकाला लावतो. तेवढ्यात तुम्ही मॅडमकडं जा. माझं नाव घेऊ नका.” मॅडम म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी. त्या एका वाक्यानं पुढचं सगळं शक्य झालं, हे आजही वाटतं.

आणि मग आम्हीच घाण केली. गटातल्या एकानं बिळाच्या तोंडाशी बसलेल्या मादीचा फोटो ‘फक्त मित्रांसाठी’ म्हणून एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ठिकाण लिहिलं नव्हतं, पण मागची टेकडी ओळखणारे कमी नाहीत. रविवारी सकाळी माळावर सात गाड्या. मंगळवारी बीळ रिकामं. मादीनं पिल्लं उचलून कुठं नेली ते त्या हंगामात कळलंच नाही. ज्या पुराव्याच्या जोरावर आम्ही मॅडमना भेटणार होतो तो पुरावा आम्हीच घालवला.

पर्याय

मॅडम नव्यानं रुजू झाल्या होत्या. त्यांनी तासभर ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मला पैसे झाडं लावायचे आलेत. गवत राखायचे आले असते तर गवत राखलं असतं. गवताला रकानाच नाही.” यात उद्धटपणा नव्हता. त्यांनी संगणकावरचा तक्ता उघडून दाखवला: खड्डे, रोपं, प्रजाती, फोटो, अक्षांश-रेखांश. २२ हेक्टरमधले खड्डे तोवर चढवूनही झाले होते. चढलेला आकडा उतरवायचा तर वरती खुलासा द्यावा लागतो.

त्या बैठकीनंतर आमच्यासमोर जे रस्ते होते त्यांवर आम्ही तीन-चार संध्याकाळी घालवल्या.

कोर्टात जाणं हा सगळ्यात चमकदार. एक वकील मित्र तयारही होता. पण मागायचं काय? वनजमिनीवर झाडं लावू नका, असं? कोर्टासमोर हे पहिल्या मिनिटाला विचित्रच दिसलं असतं. शिवाय निकाल लागेपर्यंत पावसाळा उलटून जाणार आणि परिक्षेत्रातला प्रत्येक कर्मचारी आम्हाला कायमचा परका होणार. तो गार्डही.

दुसरा रस्ता, क्षेत्राला दर्जा मागायचा. अधिनियमाच्या कलम ३६-क खाली सरकारी जमिनीवर ‘संवर्धन राखीव’ घोषित करता येतं. त्यात स्थानिकांशी सल्लामसलत असते आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. अभयारण्यापेक्षा बरंच मवाळ. गटातल्या तरुणांना हाच पर्याय हवा होता, आणि शेजारी उदाहरणही होतं: सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, १९९७ चं, अवघं ५.१४ चौरस किलोमीटर, तरी चिंकारा टिकवून आहे.

पण या भागात ‘अभयारण्य’ हा शब्द उच्चारला की लोकांना मयूरेश्वर आठवत नाही, माळढोक आठवतो. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतलं ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झालं. त्यात गावं, शेतं, तालुक्याची ठिकाणं, सगळं आलं. पुढची तीसेक वर्षं जमीन विकणं, घर बांधणं, विहीर घेणं यावर त्या रेषेची सावली राहिली. शेवटी ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयी राग मात्र भरपूर उरला होता. एवढी मोठी रेषा मारून पक्षीही वाचला नाही आणि माणसंही दुरावली. आमच्या गावातल्या एका माजी सरपंचांनी ‘संवर्धन राखीव’ हे शब्द ऐकताच विचारलं, “म्हणजे माळढोकच ना?” फरक समजावून सांगायला एक वर्ष लागलं असतं. आमच्याकडे पाच महिने होते.

काहीच न करणं हाही एक पर्याय होता आणि तो आम्ही गांभीर्यानं घेतला. २०१८ ला पाऊस दगा देऊन गेला होता. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पाणी नसताना रोपं आपोआप जळतील, माळ वाचेल, असा एकाचा हिशेब. पण रोप जळालं तरी खड्डा राहतो, चर राहतो. वीतभर मातीखालचा मुरूम एकदा वर आला की तिथं गवत परत यायला वर्षं लागतात, आणि आधी येते ती वेडी बाभूळ.

उरला मधला रस्ता. उद्दिष्टाला हात लावायचा नाही, जागा बदलायची. २२ हेक्टरवर खड्डे झाले ते झाले. उरलेल्या ३८ हेक्टरची २३,७५० रोपं दुसरीकडं लावायची, आणि हे ३८ हेक्टर गवतासाठी राखायचं. मॅडमचा एकच प्रश्न: “राखायचं म्हणजे कागदावर काय लिहू?”

काय केलं

उत्तर दुष्काळानंच दिलं. चारा. त्या हिवाळ्यात तालुक्यात चारा छावण्यांची चर्चा सुरू झालेली होती. आम्ही लांडगा बाजूला ठेवला आणि मांडणी फिरवली: ‘चारा टंचाईच्या पार्श्वभूमीवर नैसर्गिक कुरणाचं संरक्षण.’ आमच्यातल्या जनावरांच्या डॉक्टरनं माळावरच्या गवतांची यादी केली आणि प्रत्येकापुढे ते जनावर कोणत्या महिन्यात खातं ते लिहिलं. दोन पानांचा तो कागद बाकी सगळ्या निवेदनांपेक्षा जास्त उपयोगी पडला. लेटरहेड नसल्यामुळे आम्ही तो ग्रामपंचायतीमार्फत दिला, आणि त्यामुळे तो ‘पर्यावरणवाल्यांचा’ न राहता गावाचा झाला.

ठराव हवा होता. २६ जानेवारीची ग्रामसभा समोर होती. ती गाठली नसती तर पुढे लोकसभेची आचारसंहिता लागणार होती; ती १० मार्चला लागलीही. ग्रामसभेत ठराव दहा मिनिटांत झाला: ३८ हेक्टरवर वृक्ष लागवड न करता कुरण म्हणून राखावं, आणि गवत पुन्हा वाढावं म्हणून तीन वर्षं चराईबंदी असावी. चराईबंदीची सूचना आमची नव्हती. वनपालांची होती, ‘संरक्षित’ म्हटलं की फायलीला तो शब्द लागतो. आम्ही मान डोलावली. हात वर करणारे बहुतेक बागायतदार होते, ज्यांच्या मेंढ्या नाहीत.

फेब्रुवारीत मॅडमनी प्रस्ताव वरती पाठवला. उपवनसंरक्षकांनी दोन प्रश्न विचारून मंजूर केला. बरीचशी रोपं त्याच विभागातल्या घाटाकडच्या एका परिक्षेत्राला गेली, जिथं मुळात जंगल होतं आणि तुटलं होतं. काही कालव्याच्या कडेला, काही ओढ्याकाठी, तीही करंज, जांभूळ, बाभूळ अशी. आकडा पूर्ण झाला. कुणालाही खुलासा द्यावा लागला नाही.

जून: मेंढरं परत आली

इथवर गोष्ट यशाची वाटते. आम्हालाही वाटली होती.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वाडे घाट चढून आले. माळाच्या तोंडाशी नवा पत्रा: ‘चराईबंदी क्षेत्र’. पहिल्याच आठवड्यात एका कळपावर कारवाई झाली, दंड भरावा लागला. कळप ज्यांचा होता ते साठीचे आबा आमच्यातल्या शिक्षकाच्या घरी आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “आमी कोकणात, अन् इकडं ठरावाला हात वर. माळ कुणाला इचारून राखला?”

याला उत्तर नव्हतं. जे माळावर सगळ्यात जास्त राहतात, ज्यांना तो पायांनी माहीत आहे, तेच नेमके २६ जानेवारीला रायगड जिल्ह्यातल्या कुठल्याशा खाचरात होते. ग्रामसभा कायदेशीर होती, गणपूर्ती होती, ठराव वैध होता. फक्त माळाची माणसं त्यात नव्हती. आणि ही गोष्ट गटातल्या एकालाही सुचली नव्हती, जरी आम्ही दर दिवाळीनंतर ते वाडे जाताना रस्त्याकडेला उभे राहून फोटो काढतो.

त्या पावसाळ्यात कळप गायरानावर आणि पूर्वेच्या खासगी पडीकावर दाटले. लांडग्यानं दोनदा मेंढरू उचललं. एरवी आबांसारखी माणसं लांडग्याला त्याचा वाटा देऊन टाकतात, वर्षाला एखादं कोकरू गेलं तर त्याची बोंब होत नाही. यंदा झाली. “लांडग्यासाठी आमाला हाकललं” ही गोष्ट वाड्यावाड्यांत पोचली होती. भरपाई मिळू शकते, लांडग्यानं मारलेल्या जनावराचीसुद्धा, पण त्यासाठी मेलेलं मेंढरू जागचं न हलवता वेळेत खबर द्यावी लागते, पंचनामा व्हावा लागतो. रोज मुक्काम हलवणाऱ्या माणसानं ते धूड राखत बसायचं कधी?

इकडं न चरलेल्या ३८ हेक्टरवर कुसळी कमरेपर्यंत गेली. बघायला सुंदर. पण धाविक दिसेनासे झाले, कारण त्यांना आखूड गवत आणि उघडी जमीन लागते. चंडोलही कमी. माळ चरण्यानं बिघडतो हे आम्ही पाठ केलेलं होतं. न चरण्यानंही तो बदलतो हे डोळ्यांनी बघितलं. मार्च २०२० मध्ये एका रात्री ते सगळं वाळलेलं गवत पेटलं आणि पहाटेपर्यंत ३८ पैकी ३० हेक्टर काळं झालं. कुणी लावली की विडी पडली, कळलं नाही. विचारायचीही आमची हिंमत नव्हती.

दुसरा डाव

दोन-तीन आठवड्यांत टाळेबंदी लागली. वाडे वाटेत अडकले, उशिरा पोचले. जुलैमध्ये आम्ही आबांकडे गेलो, त्यांच्या वाड्यावर. मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळ्याबाहेर कांबळ्यावर बसून जी बैठक झाली ती खरी पहिली बैठक. मॅडमही आल्या, गणवेश न घालता.

आबांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. पहिल्या पावसानंतर गवत बोटभर असतं तेव्हा मेंढरं घातली तर गवत उपटून येतं. तेवढे तीन-चार आठवडे माळ सोडावा. मग चरावं. एक भाग मात्र पूर्ण हंगाम सोडावा, बी पडेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत. पुढच्या वर्षी दुसरा भाग. “आमच्या आज्ज्याच्या टायमाला असंच व्हतं. मग तुमचं फारेस्ट आलं.”

हीच व्यवस्था लिहिली गेली. ३८ हेक्टरचे तीन भाग; दर पावसाळ्यात एक भाग बंद, दोन खुले. बंद भाग कोणता हे मेंढपाळ सांगणार. त्याबदल्यात तीन गोष्टी: कारवाई करण्याआधी वाड्यावरच्या माणसाशी बोलायचं, मेंढरू गेलं तर फोन आला की गार्ड स्वतः येऊन पंचनामा करणार, आणि आमचे डॉक्टर वाड्यांवरच्या कुत्र्यांना लस टोचणार. शेवटचा मुद्दा लांडग्यासाठीही होता. कुत्र्यांचे रोग लांडग्यांत जातात, आणि मोकाट कुत्री त्यांच्याशी जुगतातही. पुण्याजवळच्या गवताळ पट्ट्यात लांडगा-कुत्रा संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये नोंदला गेला आहे. कोंबड्यांच्या शेडवाल्यांना मेलेल्या कोंबड्या उघड्यावर न टाकता पुरायला सांगणं हेही ठरलं होतं. ते अजून जमलेलं नाही.

या व्यवस्थेला कायद्यातलं नाव नाही. चराईबंदीचा ठराव ग्रामसभेनं मागे घेतला, त्याजागी ‘नियंत्रित चराई’ असं आलं, आणि बाकी सगळं मॅडम, गार्ड आणि आबा यांच्या शब्दावर.

परिणाम

२०२१-२२ च्या हिवाळ्यात त्याच ओढ्याच्या दरडीत, जुन्या बिळापासून थोडं खाली, लांडग्यांची पिल्लं झाली. या वेळी ठिकाण तिघांनाच माहीत होतं आणि फोटो कुणीच काढला नाही. वसंतापर्यंत चार पिल्लं माळावर दिसत होती. धाविक परतले, पावसाळ्यात चरलेल्या भागांतच जास्त. आग पुन्हा लागली नाही.

२२ हेक्टरचं रोपवन आता गिरिपुष्पाचं दाट झुडूप आहे. फेब्रुवारीत गुलाबी फुलतं, लोक फोटो काढतात. सावलीत कुसळी विरली आहे, चरांच्या कडेनं वेडी बाभूळ आली आहे. चिंकारा तिथं जात नाहीत. त्यांना लांबवर दिसायला हवं असतं. वनखात्याच्या लेखी यशस्वी म्हणाल तर तोच तुकडा, आणि उद्या उपग्रहाच्या मोजणीत ‘वनाच्छादन वाढलं’ म्हणून दिसेल तर तोच दिसेल.

पूर्वेची खासगी पडीक जमीन २०२२ च्या अखेरीस विकली गेली. आता तिथं चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण आहे. त्यानंतरच्या हिवाळ्यांत या माळावर बीळ सापडलेलं नाही. लांडगे येतात-जातात, ठसे दिसतात. ३८ हेक्टर हे लांडग्याच्या एका रात्रीच्या फिरण्याचा एक कोपरा, हे आम्हाला आधीही ठाऊक होतं. पण हातात तेवढाच कागद होता.

वेगळं काय करता आलं असतं

फोटोबद्दल बोलण्यासारखं काही नाही. ती चूक होती.

ग्रामसभेबद्दल मात्र आमच्यात अजून दोन मतं आहेत. एक मत असं की २६ जानेवारी सोडली असती तर आचारसंहितेत प्रस्ताव अडकला असता आणि ६० च्या ६० हेक्टरवर खड्डे पडले असते. ते खरं आहे. माझं मत वेगळं. ठराव त्याच दिवशी घ्यायचा, पण त्यात चराईबाबत ‘मेंढपाळ परतल्यावर त्यांच्याशी बोलून ठरवण्यात येईल’ एवढं एक वाक्य घालायचं. कुणीही हरकत घेतली नसती. नाहीतर कोकणातल्या वाड्यावर एक माणूस पाठवायचा. मोबाइल तर प्रत्येकाकडे होता. घाई होती म्हणून विचारलं नाही, असं आम्ही म्हणतो. प्रामाणिकपणे बघितलं तर विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं.

वन हक्क कायदा, २००६ चं कलम ३(१)(घ) भटक्या आणि पशुपालक समाजांचे चराईचे, हंगामी वापराचे सामूहिक हक्क मान्य करतं. हा दरवाजा आम्ही वाजवलाच नाही. इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करायचा तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो, आणि सहा महिने फिरतीवर असणाऱ्यांकडे कागद कुठले, या विचारानं आम्ही थांबलो. वडीलधाऱ्यांचं कथनही पुरावा म्हणून चालतं हे नंतर वाचलं. आबा तेव्हा धडधाकट होते. आता त्यांना ऐकू कमी येतं.

संवर्धन राखीव न मागितल्याबद्दल मला पश्चात्ताप नाही, गटातल्या धाकट्यांना आहे. त्यांचा मुद्दा असा की शब्दावर चाललेली व्यवस्था माणसं बदलली की संपते. आणि माणसं बदलली आहेत. मॅडमची बदली झाली, गार्ड बढती घेऊन दुसऱ्या तालुक्यात गेला. नवे साहेब चांगले आहेत, पण तीन भाग आणि फिरती बंदी त्यांना कुठल्याच फाइलमध्ये सापडत नाही. खरं तर विभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे वनव्यवस्थापनाच्या आराखड्यात, या कक्षापुढे ‘गवताळ परिसंस्था, वृक्ष लागवड करू नये’ एवढी नोंद करून घेणं हे २०२० मध्येच व्हायला हवं होतं. आयोजना साधारण दहा वर्षांची असते; साहेब बदलले तरी ती टेबलावर राहते. आम्ही तेव्हा आग आणि टाळेबंदीतच गुंतलो होतो.

गेल्या पावसाळ्याच्या आधी एक पत्र गावात आलं. एका रस्ता प्रकल्पात गेलेल्या वनजमिनीच्या बदल्यात पर्यायी वनीकरणासाठी उपलब्ध जागांची यादी मागवली होती, आणि आमचा कक्ष त्या यादीत होता. शेरा: ‘क्षेत्र रिक्त आहे.’ नव्या साहेबांना आम्ही माळावर घेऊन गेलो, आबांच्या मुलालाही बोलावलं. साहेबांनी बंद भागातलं गवत हातात धरून बघितलं, खुल्या भागातलं बघितलं, आणि विचारलं की हे कुठं लिहून ठेवलं आहे का. डॉक्टरनं पिशवीतून ते २०१९ चं दोन पानी टिपण काढलं. त्यांनी त्याचा मोबाइलवर फोटो घेतला. यादी अजून अंतिम झालेली नाही.